लोकलसाठी इअरफोन सुचवा (बजेट २०००, डोंबिवली ते सीएसएमटी)

सोनचाफा
जुन्या बड्सपैकी डावा चाळीस मिनिटांत मान टाकतो, तेव्हा नवीन घ्यायचेच आहेत. प्रवास डोंबिवली ते सीएसएमटी, रोज, बहुतेक वेळा उभ्याने. लेडीज डबा. गाणी थोडी, बोलकी पुस्तकं जास्त. फोनला ३.५ चं (मिलिमीटरचं, जुन्या गोल पिनचं) भोक नाही, फक्त टाइप-सी.
अटी: गर्दीत कानातून पडू नयेत, घाटकोपर-दादरची उद्घोषणा हवी तेव्हा ऐकू यावी, पावसाळा निघावा. फोनवर बोलणं दिवसातून दोन-तीनदा. बजेट २०००, त्यात दोनशे इकडेतिकडे चालतील. दोन हजार चारशे चालणार नाहीत, आधीच सांगते.

खिडकीवाला
नेकबँड (गळ्यात अडकवायचा पट्टा, दोन्ही बड वायरने त्याला जोडलेले). विषय संपला. पंधराशेत येतो, पडत नाही, चार्जिंग आठवड्यातून दोनदा.

वसईचा_बाबू
दोन हजारांत कचरा मिळतो. एकदाच अठरा हजार घाला आणि पाच वर्षं बघू नका. माझ्याकडे कानावर बसणारे मोठे हेडफोन आहेत, नॉइज कॅन्सलिंग चालू केलं की विरार फास्ट आहे की देवघर, कळत नाही.

चौथी_सीट
बाबूशेठ, त्यांनी बजेट दोन हजार लिहिलंय. आणि मे महिन्यात, बिगर-एसी डब्यात, कानावर ते उशीसारखे गोळे? कानात घामाचं तळं होतं आणि गाद्यांचं रेक्झिन वर्ष-दीड वर्षात सोलपटतं. गाद्या बदलायच्या म्हणजे पुन्हा खर्च.

वसईचा_बाबू
एसी लोकलचा पास आहे माझा.

ओहम_काका
धागाकर्तीने तीन अटी दिल्यात, त्या एकमेकींच्या विरोधात आहेत: जो कानात घट्ट बसेल तो पडणार नाही, पण उद्घोषणाही अडवेल. जरा सविस्तर लिहितो.

या किमतीत पाकिटावर ईएनसी आणि एएनसी असे दोन शब्द दिसतील आणि दुकानदार दोन्ही एकच म्हणून विकेल. ईएनसी माइकसाठी असतं: तुमच्या मागचा गलका पलीकडच्या माणसाला कमी ऐकू जावा म्हणून. तुमच्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. एएनसी, म्हणजे बाबूंचं ते नॉइज कॅन्सलिंग, तुमच्या कानासाठी. बाहेरचा माइक आवाज पकडतो, त्याच्या उलट लाट तयार करून आत सोडतो. ही युक्ती खालच्या पट्टीतल्या, एकसारख्या आवाजावर चालते: मोटरची घरघर, पंख्यांचा हूं, चाकांचा गडगडाट. साधारण एक हजार हर्ट्झच्या वर तिचा जोर संपतो. त्यामुळे शेजारणीचं बोलणं, फेरीवालीची हाक, क्रॉसिंगवरचा खडखडाट हे सगळं येणारच. ते अडवतं कानातलं रबर, इलेक्ट्रॉनिक्स नव्हे.

सोपी परीक्षा: बड घालून "ओम" म्हणा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर रबराची टोपी नीट बसली. नाही घुमला तर मोठ्या मापाची टोपी लावा. दोन्ही कानांची मापं वेगळी असू शकतात, डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी लावायला कुणाची बंदी नाही. टोपी सैल असेल तर अठरा हजारांचं एएनसीसुद्धा निम्मं वाया.

कर्जत_स्लो
काका, आमच्या डब्यात भजनी मंडळ असतं. त्यावर एएनसी चालेल का?

ओहम_काका
ढोलकीचा धुमारा थोडा दबेल. टाळ अजिबात नाही. उंच पट्टी आणि एकदम येणारा ठोका, दोन्ही गोष्टी एएनसीच्या शत्रू. उलट खालचा भाग गेल्यामुळे टाळ जास्तच टोचतील.

कर्जत_स्लो
मग टाळच घेतो विकत.

खिडकीवाला
मी पुन्हा सांगतो, नेकबँड. काढला की गळ्यात राहतो, चुंबकाने दोन्ही टोकं चिकटली की गाणं थांबतं. उद्घोषणेचा प्रश्न मिटला.

तलावपाळी
खिडकीवाले, तुम्ही लेडीज डब्यातून गेलेले नाही हे दिसतंय. गळ्यात आधीच काय काय असतं? मंगळसूत्र, आयकार्डची दोरी, ओढणी, आणि समोर लटकवलेली सॅक. त्यात नेकबँड. ठाण्याला चढणाऱ्या बायका आत शिरल्या की सॅकचा पट्टा नेकबँडला अडकतो आणि वायर बडच्या बुडाशी तुटते. नेकबँडची वायर नव्वद टक्के तिथेच मरते, जिथे ती बडमध्ये शिरते. ती जागा कुणी दुरुस्त करून देत नाही, फेकायचाच.

आणि ओढणी किंवा स्कार्फ डोक्यावरून घेताना बड्स हमखास निघतात. दांडीवाले (खाली देठ असलेले) जास्त निघतात, कारण कापड देठाला धरून ओढतं. घ्यायचेच तर बिनदेठाचे, गोट्यांसारखे, कानाच्या खळग्यात बसणारे घ्या.

खिडकीवाला
नव्वद टक्के हा आकडा कुठून आला?

तलावपाळी
आमच्या घरातल्या ड्रॉवरमधून.

नेरूळ_नाका
+१ बिनदेठाचे. एकच जास्तीचं सांगतो: गाडीत चढता-उतरताना बड्स कानात ठेवू नका, त्यांच्या चार्जिंगच्या डबीतच हवेत. पायरी आणि फलाट यांच्यामधल्या फटीत गेलेला बड म्हणजे गेला. रुळांवर उतरण्याचा विचारही करू नका. एकच बड सुटा विकत मिळतो का हे घेण्याआधी कंपनीच्या साइटवर बघा. काही कंपन्या देतात, काही नाही.

हार्बर_हरी
सगळे चुकीच्या गोष्टीवर भांडताय. बड्स कुठलेही घ्या, पण चांगली पॉवर बँक हवीच. पास मोबाईलवर पेपरलेस असेल आणि फोन बंद पडला तर तपासनिसापुढे तुम्ही विनातिकीट. १०००० एमएएचची घ्या, आणि त्यावर १०००० लिहिलंय म्हणून फोन दोनदा चार्ज होईल असं समजू नका. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ३७ वॉट-तास. ५ व्होल्टला आले की ७४००, त्यातून उष्णतेत जाणारे वजा करा, हातात सहा-साडेसहा हजार. ५००० एमएएचचा फोन एकदा आणि वर थोडा. पाठीवर बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' छापलेली असते, तीच खरी. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरो) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, असलेलीच घ्या. बीआयएस केअर ॲपमध्ये नंबर टाकून तपासता येतो, फलाटाबाहेरच्या गाडीवरच्या बहुतेक पॉवर बँका तिथेच उघड्या पडतात.

सोनचाफा
पॉवर बँक आहे हो माझ्याकडे. प्रश्न इअरफोनचा आहे. पण एक विचारते: बड्सची डबी पॉवर बँकेला लावली की मिनिटभरात चार्जिंग बंद होतं. डबी बिघडली का?

हार्बर_हरी
नाही. डबी इतका कमी करंट ओढते की पॉवर बँकेला वाटतं काही लावलेलंच नाही, ती झोपते. बऱ्याच पॉवर बँकांना लो-करंट मोड असतो: बटण दोनदा दाबा किंवा तीन सेकंद धरून ठेवा, मॉडेलप्रमाणे. नसेल तर फोन आणि डबी एकदम लावा, फोनच्या जिवावर डबीही भरते.

सोनचाफा
दोनदा दाबलं, चाललं! 🙏 दोन वर्षं ही पॉवर बँक खराब आहे म्हणून आईला बोलत होते, तिच्याकडून आली म्हणून.

वाशिंद_वारी
दादर आणि कुर्ल्याला गर्दीत आवाज तुटतो, त्याबद्दल कुणी बोललं नाही. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि माणसाचं शरीर, म्हणजे मुख्यतः पाणी, ती लहर खातं. फोन मागच्या खिशात किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये असेल तर तुटणारच. पुढे आणा. तरी तुटलं तर कोडेक (आवाज आवळून हवेतून पाठवायची पद्धत) उतरवा. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी, मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ब्लूटूथ ऑडिओ कोडेक. एलडॅक (भारी कोडेक) ९९० वर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या किलोबिटवर, असेल तर ३३० करा किंवा सरळ एसबीसी, म्हणजे साधा कोडेक. बोलक्या पुस्तकाला एसबीसी पुरून उरतं. गेमिंग मोड बंद ठेवा, त्यात बफर, म्हणजे आवाजाचा आगाऊ साठा, लहान होतो आणि तुटणं वाढतं.

वसईचा_बाबू
एसबीसीवर गाणी ऐकणं म्हणजे चहात पाणी. एलडॅक नसेल तर घेऊच नका.

ओहम_काका
लोकलच्या गोंगाटात एलडॅक आणि एसबीसीमधला फरक ओळखणारा कान असेल तर त्याचं स्टेशनवर दर्शन ठेवू.

गुळपोळी
पावसाळ्याचं राहिलं. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स५ म्हणजे पाण्याची धार, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. हे सगळं बड्सचं. डबीला बहुधा काहीच नसतं. लोक भिजलेले बड्स तसेच डबीत टाकतात आणि तिथेच घोळ होतो: ओल अधिक चार्जिंगचा करंट, की डबीतल्या चार्जिंगच्या पितळी टाचण्यांवर हिरवा थर चढतो. मग "एक बड चार्ज होत नाही" असे धागे निघतात. उपाय: कानातून काढले की रुमालाने पुसा, जाळी खाली करून हलकेच झटका, मगच डबीत. हिरवं चढलंच असेल तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टाचण्या पुसा, दहा मिनिटं उघडी ठेवा. टाचणी दाबली की वर येते का तेही बघा, मळ बसून ती आत अडकते.
तुमच्या डाव्याचंही हेच नाही ना? नवीन घेण्याआधी बघून घ्या.

सोनचाफा
बघितलं. टाचण्या चकचकीत आहेत. बॅटरीच गेली असणार, तीन वर्षं झाली.

चौथी_सीट
मग बड्सच्या फंदात पुन्हा कशाला? आत नखाएवढा सेल, तो दोन-तीन वर्षांत जातोच, बदलता येत नाही. चारशेचे वायरवाले घ्या. बॅटरी नाही, पेअरिंग नाही, एक निसटला तरी दुसऱ्याला लटकून राहतो.

वाशिंद_वारी
फोनला ३.५ नाही, वर लिहिलंय.

चौथी_सीट
टाइप-सीवाले मिळतात की.

ओहम_काका
मिळतात, पण दोन जातींचे. एकात डॅक चिप (फोनच्या डिजिटल डेटाचा ॲनालॉग आवाज करणारी) असते, ते जवळजवळ सगळ्या फोनवर चालतात. दुसरे नुसतीच वायर, फोनने ॲनालॉग आवाज दिला तरच वाजतात आणि बरेच फोन देत नाहीत. पाकिटावर 'डॅक' शब्द शोधा. शिवाय खिशात ताठ पिन म्हणजे पोर्टवर तरफ, वाकून वाकून पोर्ट ढिला होतो. इअरफोन चारशेचा गेला तर गेला, चार्जिंगचा पोर्ट गेला की फोन गेला. एल आकाराची पिन बघा.

नेरूळ_नाका
अवांतर: कुणीही दारात उभं राहून फोन हातात धरू नका, वायर असो वा नसो. गाडी हळू झाली की रुळांजवळून फटका मारून फोन पाडतात. आजच *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये नाही. चोरीला गेला तर रेल्वे पोलिसांची १५१२, तक्रारीची प्रत घ्या, मग संचार साथी या सरकारी साइटवर सीईआयआरमध्ये (चोरीच्या फोनांच्या नोंदीत) जाऊन आयएमईआय ब्लॉक. तक्रारीच्या प्रतीशिवाय तो अर्ज पुढे सरकत नाही.

स्वारगेट
आणि हेल्मेटखाली कुठले बसतील? पुणे.

तलावपाळी
कुठलेच नाही. मागचा हॉर्न ऐका.

सोनचाफा
सगळ्यांचे आभार. काल घेऊन आले. रागावू नका.

ब्लूटूथ रिसीव्हर घेतला, काडेपेटीएवढा, पाठीला क्लिप, ३.५ चं भोक, माइक त्याच्यातच. नऊशे रुपये. आणि रबरी टोप्यांचा साधा वायरवाला इअरफोन, साडेतीनशे. रिसीव्हर सॅकच्या पट्ट्याला, हनुवटीच्या खाली. फोन चेनच्या कप्प्यात, बाहेर निघतच नाही. घाटकोपर आलं की एक कान काढते, तो कॉलरवर लोंबतो. बॅटरी गेली तर नऊशेचं खोकं जाईल, इअरफोन राहील.
वायर मात्र खिशापर्यंत पोहोचायच्या लांबीची, सव्वा मीटर. मधे गुंडाळी झालीय.

खिडकीवाला
म्हणजे नेकबँडच झाला, फक्त स्वतः जोडलेला.

ओहम_काका
असे रिसीव्हर मी सुचवले नाहीत कारण स्वस्तात शांत जागी 'स्स्स' ऐकू येतो. १६ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) इअरफोन असेल तर जास्त, ३२ चा असेल तर कमी. बोलक्या पुस्तकात वाक्यांच्या मधे जाणवेल.

सोनचाफा
येतो ना. पण काका, शांत जागा कुठेय?

तलावपाळी
गुंडाळीला गाठ मारू नका, आतली तार तुटते. वेल्क्रोची पट्टी लावा, चार बोटांची सैल घडी. आणि वायर कानाच्या वरून, मागून घ्या. कपड्याला घासली की जो खर्रर्र आवाज येतो तो जवळजवळ बंद होतो, आणि ओढणी ओढली तरी ताण कानावर येतो, टोपीवर नाही.

वसईचा_बाबू
आमचा जुना हेडफोन आहे, नऊ हजारांचा होता. तुम्हाला चार हजारांत देईन.

चौथी_सीट
बजेट दोन हजार, बाबूशेठ.

स्वारगेट
तो रिसीव्हर हेल्मेटला चिकटवता येईल का?