नाक्यावरच्या बांधकाम मजुराला काम मिळवून देणे ही संघटनेची जबाबदारी आहे का?

धागाकर्ता

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली दोन केंद्रीय कायदे झाले. एकाने राज्याराज्यांत कल्याणकारी मंडळे उभी करण्याची तरतूद केली, तर दुसऱ्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून त्या मंडळांना पैसा मिळवून दिला. आपल्याकडे हा उपकर एक टक्का आहे आणि त्यातून शिष्यवृत्ती, प्रसूतिसाहाय्य, अपघाती मृत्यूनंतरची मदत असे लाभ मिळतात. गेल्या काही वर्षांत मजुरांच्या संघटनांचा बहुतेक वेळ याच कामात जातो : अर्ज भरणे, नूतनीकरण करणे, अडकलेला दावा सोडवणे. हे काम मी कमी लेखत नाही. मात्र या सर्व लाभांच्या दाराशी एक अट उभी आहे. मजुराने मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असले पाहिजे. ते ९० दिवस कोठून आणायचे, हा प्रश्न मात्र संघटनेने मजुरावरच सोडून दिला आहे.

नाक्यावर सकाळी उभे राहून पाहावे. मुकादम येतो, गाडीवरून न उतरताच चार जणांकडे बोट दाखवतो आणि निघतो. आठ वाजता जो मजूर पूर्ण हजेरी, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी सांगतो, तोच साडेनऊला, गर्दी पांगू लागल्यावर, निम्म्याच्या जवळ येतो, कारण त्यानंतर येणारे गिऱ्हाईक म्हणजे अर्ध्या दिवसाची डागडुजी. मजुरीचा दर सरकारच्या अधिसूचनेत कितीही असो, तो प्रत्यक्षात या दीड तासात ठरतो. ज्या संघटनेचा या दीड तासावर काहीच ताबा नाही, ती मजुरीबद्दल कोणाशी वाटाघाट करणार?

म्हणून माझे म्हणणे असे की संघटनेने नाक्यावर पाळीची यादी ठेवावी. गवंडी, सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे, लादीवाले आणि बिगारी अशा वेगवेगळ्या याद्या असाव्यात. जो सर्वांत जास्त दिवस रिकामा आहे त्याचे नाव वर असावे. आणि शहरातल्या ठेकेदारांशी लेखी करार करून त्यांनी माणसे या यादीतून घ्यावीत. अमेरिकेतल्या बांधकाम संघटना अशी यादी अनेक दशकांपासून चालवत आल्या आहेत. आपल्याकडे माथाडींनी अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली लढून १९६९ चा कायदा मिळवला. त्याने मालक आणि कामगार दोघांचीही मंडळात नोंदणी आणली, मजुरी मंडळामार्फत दिली जाऊ लागली आणि मजुरीवर मालकाकडून आकारलेल्या जादा रकमेतून, म्हणजे लेव्हीतून, भविष्य निर्वाह निधीपासून बोनसपर्यंत सगळे उभे राहिले. डोक्यावर ओझे वाहणाऱ्याला हे जमले, तर तेच विटा वाहणाऱ्याला का जमू नये?

प्रतिसाद : एक लहान ठेकेदार

आपली कळकळ समजते, पण आपण स्लॅबचा दिवस विसरलात. स्लॅब भरायला सुरुवात झाली की तो संपेपर्यंत थांबता येत नाही. मध्ये खंड पडला तर जुन्या आणि नव्या काँक्रीटमध्ये सांधा राहतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तेथून गळती सुरू होते. त्या दिवशी मला एकमेकांचा हात ओळखणारी टोळी लागते. मिक्सर कोण सांभाळणार, पाटी कोणाकडून कोणाकडे जाणार आणि व्हायब्रेटर कोणाच्या हातात असणार हे त्यांना सांगावे लागत नाही. यादीतली पहिली वीस नावे म्हणजे टोळी नव्हे.

शिवाय काम बिघडले तर उत्तर कोण देणार? प्लास्टर सुटले तर घरमालक माझे बिल अडवतो, संघटनेचे नाही. ज्याची जोखीम त्याचीच निवड असली पाहिजे, हे मी हट्टाने सांगेन. मुकादम वाईट असेल, परंतु पाऊस लागून काम बंद पडले की उचल तोच देतो आणि दिवाळीनंतर गावाकडून माणसे परत तोच आणतो. संघटना उचल देणार आहे काय?

प्रतिसाद : माथाडी चळवळीतला जुना कार्यकर्ता

धागाकर्त्यांच्या हेतूशी मी सहमत आहे, मार्गाशी नाही. माथाडी कायदा टिकला याचे मोठे कारण म्हणजे कामाची जागा हलत नाही. माल बाजाराच्या आवारात, गोदामात, रेल्वेच्या धक्क्यावर येतो, आणि तेथे आज आहे तोच व्यापारी उद्याही असतो. लेव्ही बुडवली तर त्याला गाठता येते. बांधकामाचा मालक इमारत उभी राहिली की निघून जातो. त्याच्याखाली मोठा ठेकेदार, त्याच्याखाली पेटी काँट्रॅक्टर म्हणजे पोटठेकेदार, त्याच्याखाली मुकादम. करार यांपैकी कोणाशी करणार? मोठा ठेकेदार सही करील आणि माणसे मुकादमच आणील.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. कामावर हक्क सांगण्याचा अधिकार हातात आला की त्याचा धाक करणारेही जन्माला येतात. आमच्या चळवळीच्या नावाखाली कारखान्यांच्या दारात खंडणी मागणारे बोगस लोक उभे राहिले आणि त्याची किंमत खऱ्या माथाडीने मोजली. केरळात तर सामान मालकाने स्वतः किंवा यंत्राने उतरवले तरी नुसते पाहत उभे राहिल्याचे पैसे घेण्याची ‘नोक्कुकूली’ नावाची प्रथा पडली, आणि २०१८ मध्ये तेथल्या डाव्या सरकारलाच तिच्यावर बंदी घालावी लागली.

त्याच केरळात दुसरा मार्गही आहे. वडकराजवळची उरालुंगल मजूर कंत्राटी सहकारी संस्था १९२५ पासून चालू आहे. मजूर स्वतःच सभासद, आणि संस्था स्वतःच ठेकेदार. रस्ते, पूल, मोठ्या इमारती अशी कामे ती घेते. संघटनेने ठेकेदाराच्या दारात यादी घेऊन जाण्यापेक्षा स्वतः निविदा भरावी. आपल्याकडेही मजूर सहकारी संस्थांसाठी सरकारी कामांचा वाटा राखलेला आहे. त्यांतल्या अनेक संस्थांमध्ये सभासदांच्या हाताला घट्टे नाहीत, हे दुखणे मला माहीत आहे. पण संस्था बळकावली गेली म्हणून कल्पना चुकीची ठरत नाही.

प्रतिसाद : स्त्री-मजुरांमध्ये काम करणारी

यादीत नाव कोणाचे लागणार, हा प्रश्न वर कोणीच विचारलेला नाही, याचे मला वाईट वाटते. बांधकामावरची बहुतेक स्त्री जोडीने घेतली जाते, म्हणजे नवरा गवंडी आणि ती त्याच्या हाताखाली. हजेरी त्याच्या नावावर पडते आणि पैसेही त्याच्याच हातात जातात. व्यवसायवार यादी झाली की तिला बिगारीच्या रकान्यात कायमचे बसवले जाईल. सात-आठ वर्षे मसाला कालवून, विटा देऊन, ओळंबा धरून जिने काम डोळ्यांनी शिकून घेतले आहे, तिच्या हातात थापी कधी येणार?

आणि परप्रांतातून आलेला मजूर? ज्या संघटनेचे सभासद स्थानिक आहेत ती ‘आपल्या माणसांना’ काम देण्याच्या नावाखाली त्याला बाहेर ठेवील. अमेरिकेचे उदाहरण पुरे सांगावे. न्यूयॉर्कमधल्या पत्रेकाम करणाऱ्यांच्या संघटनेने कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य कामगारांना इतकी वर्षे दाराबाहेर ठेवले, की न्यायालयाने तिला २९ टक्के अल्पसंख्य सभासदांचे उद्दिष्ट घालून दिले आणि १९८६ मध्ये तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. कामाची यादी ही दाराची किल्ली आहे, आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो आधी आपल्या घरच्यांनाच आत घेतो.

धागाकर्ता

तिन्ही आक्षेप वजनाचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

टोळीचा मुद्दा मला मान्य आहे. यादीत टोळीचीही नोंद होऊ शकते. सलग चालणाऱ्या कामाला टोळी मागावी आणि सुट्या कामाला सुटी माणसे. माणूस नाकारण्याचा हक्कही ठेकेदाराला असावा, फक्त कारण लेखी द्यावे. मुकादम आज कोणालाही विनाकारण नाकारतो, त्यापेक्षा हे नक्कीच बरे. उचलीबद्दल मात्र मी नमते घेणार नाही. त्याच उचलीपायी माणूस पुढचा हंगाम कमी दराने त्याच मुकादमाकडे बांधला जातो, आणि तिला मदत म्हणणे मला पटत नाही. संघटनेची पतसंस्था नसेल तर ती आधी उभी करावी, हे मात्र खरे.

स्त्रियांविषयीच्या आक्षेपाला मी असे उत्तर देईन की यादीत प्रत्येकीचे नाव स्वतंत्र लागावे, हजेरी आणि बँक खाते तिच्या नावावर असावे, आणि दर वर्षी बिगारीच्या यादीतून गवंडीच्या यादीत जाण्यासाठी हाताचे काम पाहून चाचणी व्हावी. न्यूयॉर्कचा दाखला माझ्या विरोधात जातो हे मी स्वीकारतो. पण तिथला कायदा हेही सांगतो की संघटनेच्या यादीतून काम देताना सभासद आणि बिगरसभासद असा भेद करता येत नाही. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने केवळ सभासदांनाच कामावर घेण्याची सक्ती मोडीत काढली. तोच नियम आपण पहिल्या दिवसापासून लावावा : नाक्यावर उभा राहणारा कोणीही, कोणत्याही प्रांताचा, यादीत येऊ शकतो.

आणखी एक फायदा वर लिहायचा राहिला. ९० दिवसांच्या प्रमाणपत्रासाठी मजुराला ठेकेदाराच्या किंवा ग्रामसेवकाच्या मागे फिरावे लागते, आणि तेथेच दलाल शिरतात. यादीतून काम गेले तर कोणी, कोठे, किती दिवस काम केले याची नोंद आपोआप तयार होते.

प्रतिसाद : एक लहान ठेकेदार

टोळी मागण्याची मुभा आणि नाकारण्याचा हक्क हे दोन्ही करारात असतील, तर लादी आणि रंगकामासारख्या सुट्या कामांना मी यादीतून माणसे घेऊन पाहीन. स्लॅबला नाही. आणि यादी लिहिणारा माणूस दर सहा महिन्यांनी बदलला पाहिजे. तोच तोच राहिला तर तो नवा मुकादम होईल.

प्रतिसाद : माथाडी चळवळीतला जुना कार्यकर्ता

लिहिणारा बदलण्याइतकेच यादी उघड्यावर लावणे महत्त्वाचे आहे. रोज सकाळी नाक्यावरच्या फळ्यावर ती सर्वांना वाचता आली पाहिजे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्याने वाचून दाखवली पाहिजे. सहकारी संस्थेचा आग्रह मी तरीही सोडत नाही. यादीने आहे ते काम नीट वाटले जाईल, पण नवे काम त्यातून येणार नाही.