'गॅटाका'तला व्हिन्सेंट जिंकतो, पण हरतं कोण?

तिरपा_ढग (धागालेखक):
1997 चा 'गॅटाका' हा सिनेमा परवा तिसऱ्यांदा पाहिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: जनुकं चाळून, निवडून मुलं जन्माला घालायचा काळ आहे. व्हिन्सेंट मात्र जुन्या पद्धतीने, देवाच्या हवाल्यावर झालेला. जन्मताच रक्ताचा एक थेंब घेतात आणि नर्स वाचून दाखवते: हृदयविकाराची शक्यता 99 टक्के, अपेक्षित आयुष्य 30.2 वर्षं. पुढे तो जेरोम नावाच्या 'उत्तम' माणसाचं रक्त-लघवी उसनं घेऊन अंतराळसंस्थेत शिरतो आणि शनीच्या टायटन चंद्राकडे निघतो.

सगळे म्हणतात, जनुकांवर जिद्दीची मात. मला सांगा, ही जिद्द आली कुठून? धाकटा भाऊ अँटन त्याच आईबापांचा, त्याच घरात वाढलेला. त्याच्यात ती का नाही? जुळ्यांच्या अभ्यासांनी स्वभावही काही अंशी आनुवंशिक असतो हे दाखवलंय. म्हणजे दिग्दर्शकाने हृदयाचं जनुक खोटं पाडलं आणि चिकाटीचं एक गुप्त जनुक नायकाच्या खिशात सरकवलं. नियतिवाद पुढच्या दाराने हाकलला, तो मागच्या दाराने आत येऊन बसला.

खारफुटी:
साफ असहमत. अँटनमध्ये जिद्द नाही कारण त्याला तिची गरजच पडली नाही. बाळाचं नाव सांगायची वेळ येते तेव्हा आई 'अँटन' म्हणते. बापाचं नाव. बाप नुकतीच ती यादी ऐकून उभा आहे. तो म्हणतो, नाही, व्हिन्सेंट अँटन. स्वतःचं नाव मागे ढकलतो आणि पुढे निवडून घेतलेल्या मुलासाठी राखून ठेवतो. काही सेकंदांचा प्रसंग आहे. जिद्दीचं मूळ जनुकात शोधत बसण्यापेक्षा तिथे शोधा.

आणि जेरोमचं काय? सुवर्णपदकासाठीच घडवलेला माणूस, मिळालं रौप्य. त्या दुसऱ्या नंबरापायी तो गाडीसमोर चालत गेला. कागदावर सगळं उत्तम होतं.

नाडीपरीक्षा:
भावनिक न होता बोलू. ट्रेडमिलचा प्रसंग आठवा. यंत्राला ऐकू जातायत जेरोमचे ध्वनिमुद्रित ठोके आणि हा गडी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन कोसळतो. अशा माणसाला वर्षभराच्या मोहिमेवर सोडायचं? बरोबरच्यांच्या जिवाचं काय? मी वैमानिकाच्या जागी असा माणूस बसू देणार नाही. याला भेदभाव नाही, वैद्यकीय तपासणी म्हणतात.

खारफुटी:
तपासणी आज असलेल्या हृदयाची करतात. तिथे मुलाखत म्हणून नुसती लघवी तपासतात, तीही भविष्य बघायला.

नाडीपरीक्षा:
ट्रेडमिलवर आजचंच हृदय तपासत होते. नेमकं तिथेच त्याने फसवलं.

खारफुटी:
बरं. हा मुद्दा तुमचा.

कुंपणावरचा:
वाद चालू द्या. अमेरिकेत 2008 पासून कायदा आहे: नोकरी देताना आणि आरोग्यविमा काढताना जनुकीय माहिती वापरता येत नाही. आयुर्विमा मात्र त्यातून सुटलाय. ज्याला सुटायचं होतं तो बरोबर सुटला!

पेन्सिलटोक:
सिनेमातली मला खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. जन्मानंतर रक्ताचा थेंब आपणही घेतो, बाळाच्या टाचेतून. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा आजार त्यात कळतो. दोन्ही पालकांकडून बिघडलेलं जनुक आलं की अन्नातल्या प्रथिनांमधून येणारं फिनाइलअ‍ॅलनिन शरीरात साचतं आणि मेंदू कायमचा दुखावतो. पण पहिल्या काही दिवसांतच आहार बदलला आणि तो पाळला, तर मूल चारचौघांसारखं वाढतं. जनुक तसंच बिघडलेलं राहतं, निकाल बदलतो! तिथे त्या थेंबाने बाळाला मोडीत काढलं, इथे तोच थेंब त्याला वाचवतो. जनुक विरुद्ध आत्मबल ही जोडीच चुकीची लावलीय. यात आत्मबल कुठे आलं? कोणीतरी रोज डबा मोजून भरला, एवढंच.

आणि ती टक्केवारी! साधी उंची घ्या. 2022 च्या अभ्यासात तिच्याशी निगडित बारा हजारांच्या आसपास जनुकीय फरक सापडले. थेंबभर रक्तावरून 30.2 सांगणारी नर्स मला कुडमुड्या ज्योतिषासारखी वाटते.

रातपाळी:
बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितो. आमच्या घरात हंटिंग्टन आहे, हालचालींवरचा ताबा हळूहळू घालवणारा मेंदूचा आनुवंशिक आजार. मामाचं निदान होऊन सहा वर्षं झाली. एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो चाळीस किंवा जास्त वेळा आला, तर पुरेसं आयुष्य मिळालेल्या माणसाला आजार होतोच. डबा मोजून भरून काही होत नाही. व्हिन्सेंटकडे निदान एक टक्का शिल्लक होता.

आजोबांकडून आलेला, म्हणून आईला शक्यता निम्मी, मला पाव. आईने चाचणी केलेली नाही. करायची नाही म्हणते. मी केली आणि 'आहे' निघालं, तर आईचा निकाल तिला न विचारता लागतो. तेव्हा मीही केलेली नाही. आई कप उचलते तेव्हा मी दुसरीकडे बघतो. तिने हे ओळखलंय.

सिनेमा मला आवडतो. का, ते या वादात बसत नाही.

नाडीपरीक्षा:
रातपाळी, निर्णय तुमचा आहे आणि तो घाईने घ्यायचं कारण नाही. कधी चाचणी करावीशी वाटलीच तर आधी जनुकीय समुपदेशकाकडे जा. थेट लॅबमध्ये नको.

तिरपा_ढग:
रातपाळी, 'गुप्त जनुक खिशात सरकवलं' हा माझा विनोद तुमच्यापुढे करवत नाही. मागे घेतो. जिद्द कुठून आली हा प्रश्न मात्र तसाच ठेवतो.

पेन्सिलटोक, पटलं. शेवट पुन्हा लावून पाहिला. यानात चढायच्या आधी अचानक लघवीची तपासणी निघते आणि जेरोमची पिशवी व्हिन्सेंटजवळ नसते. यंत्र खरं तेच सांगतं. तपासणी करणाऱ्या, संस्थेच्या डॉक्टर लामारला ते आधीपासून माहीत होतं. तो आपल्या मुलाबद्दल दोन वाक्यं बोलतो. त्या मुलाच्या बाबतीतही जनुकं निवडणाऱ्यांनी दिलेला शब्द पुरता खरा उतरलेला नाही. आणि मग तो निकाल बदलतो. व्हिन्सेंट त्या क्षणी काहीच करत नाही, नुसता उभा असतो.

खारफुटी:
आणि जाता जाता लामार त्याची चूक काढतो: उजव्या हाताची माणसं ती गोष्ट डाव्या हाताने धरत नाहीत! इतकी वर्षं सगळं उसनं आणलं आणि हात मात्र स्वतःचाच राहिला.