व्हिएतनाममध्ये ‘हायलँड्स कॉफी’त जावे का, आणि सासूबाईंसाठी काय मागवावे?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही हनोई, दा नांग आणि हो ची मिन्ह सिटी असा प्रवास करणार आहोत. तेथे जागोजागी असलेल्या ‘हायलँड्स कॉफी’त निवांत बसावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण तेथील माणसे रोज जेथे बसतात तेथे बसल्याशिवाय ते शहर पाहिल्याचे समाधान मला मिळत नाही. यजमानांचे मत वेगळे आहे. साखळीतली दुकाने सगळीकडे सारखीच, त्यासाठी कॉलेज रोड पुरे, असे ते म्हणतात. सोबत सासूबाई आहेत. त्या शुद्ध शाकाहारी आहेत, अंडेही चालत नाही आणि कॉफीपेक्षा चहाच घेतात. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (सातपूर)

ताई, अवश्य जा. कामानिमित्त माझे तिकडे जाणे होते. डेव्हिड थाई या व्हिएतनामी वंशाच्या, अमेरिकेत वाढलेल्या तरुणाने १९९९ मध्ये हनोईत पाकीटबंद कॉफीपासून हा व्यवसाय सुरू केला आणि दुकाने त्यानंतर काही वर्षांनी निघाली. आज त्यात फिलिपिन्सच्या जॉलीबी समूहाचा मोठा हिस्सा असला, तरी पेय मात्र अस्सल तिथलेच आहे. कॅपुचिनो मागवलीत तर यजमानांचे म्हणणे खरे ठरेल. म्हणून ‘फिन सुआ दा’ मागवा. दाट, कडू कॉफी, तळाशी कंडेन्स्ड मिल्क आणि वर भरपूर बर्फ. फ्रेंच अमदानीत त्या उष्ण प्रदेशात ताजे दूध दुर्मीळ होते आणि टिकतही नसे, म्हणून डब्यातले आटीव दूध आले आणि तीच चव लोकांच्या जिभेवर बसली. पैसे आधी काउंटरवर द्यायचे असतात. तीस-चाळीस हजार डोंगांचा आकडा पाहून दचकू नका. साधारण तीनशे डोंग म्हणजे एक रुपया.

सासूबाईंसाठी तेथे कमळाच्या बिया घातलेला थंड ऊलाँग चहा मिळतो. तो आपल्या आल्याच्या चहासारखा नसतो, हे त्यांना आधी सांगावे. ‘बान्ह मी’ नावाचा पाव मात्र बहुधा मांस घालूनच येतो, त्यामुळे खाण्याचे काही मागवताना नीट विचारूनच घ्यावे.

उत्तर (इंदिरानगर)

वरील सल्ला योग्य आहे. पण कॉफी तयार होताना पाहायची असेल, तर ‘चुंग न्गुएन’च्या एखाद्या दुकानातही जावे, असे मी आग्रहाने सुचवेन. ही साखळी १९९६ मध्ये बुओन मा थुओत येथे, म्हणजे प्रत्यक्ष कॉफीच्या मळ्यांच्या प्रदेशात सुरू झाली. तेथे पेल्यावर ‘फिन’ ठेवून देतात. फिन म्हणजे बारीक छिद्रांचे धातूचे छोटे भांडे. त्यातून थेंब थेंब कॉफी उतरायला चार-पाच मिनिटे लागतात. तो वेळ गप्पांसाठीच असतो आणि तेथे कोणी घाई करत नाही. घाईची न्याहारी उरकून रोज चार ठिकाणे पाहण्याच्या नादात आपली माणसे नेमके हेच गमावतात, याचे मला फार वाईट वाटते.

एक काळजी घ्यावी. कॉफीच्या उत्पादनात ब्राझीलनंतर व्हिएतनामचा क्रमांक लागतो आणि तेथील बहुतांश पीक रोबस्टा या कॉफीच्या जातीचे असते. त्यात अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असते. ज्यांना सवय नाही त्यांनी ती सायंकाळी घेतल्यास झोप उडते. वयस्कर माणसांनी तर सकाळीच आणि थोडीच घ्यावी. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठेवावे.

उत्तर (नाशिकरोड)

यजमानांच्या शंकेबद्दल लिहितो. आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला आपण मिसळ खायला नेतो ते नाशिककर स्वतः जेथे रविवारी रांग लावतात तेथे. हायलँड्समध्येही विद्यार्थी, कचेरीतली माणसे आणि सुट्टीच्या दिवशी कुटुंबे, सगळी स्थानिकच दिसतात. तरी पदपथावरच्या बुटक्या स्टुलांवरही एकदा बसावे, कारण साखळ्या तेथूनच शिकल्या आहेत.

हनोईत अंड्याची कॉफी प्रसिद्ध आहे. १९४६ च्या सुमारास दुधाची टंचाई असताना पिवळा बलक फेटून ती प्रथम केली गेली, असे सांगतात. वरचा फेस सायीसारखा दिसतो, त्यामुळे सासूबाईंसमोर पेला येण्यापूर्वीच खात्री करून घ्यावी. त्याऐवजी ‘काँग काफे’ या साखळीत नारळाच्या दुधाची गारेगार कॉफी मिळते आणि तिच्यात अंडे नसते. दा नांगला हान नदीच्या काठी त्यांचे दुकान आहे. तेथे सायंकाळी गेलात तर झोप उडू नये म्हणून कॉफीचा एकच पेला मागवून तुम्ही दोघांनी वाटून घ्यावा, सासूबाईंनी ती सकाळीच चाखावी.