यॉम हाझिकारोन (इस्रायलचा शहीद-स्मृतिदिन) संपला की लगेच शेगडी? (धागा भरकटलाय, शरबतवाल्यांनी खाली बघा)

रेवदंडेकर, अश्दोद
परवा एका पर्यटक बंधूंनी आपल्या बेने इस्रायल (मराठी ज्यू) मंचावर लिहिलं: "स्मृतिदिनाची संध्याकाळ सरते न सरते तोच इस्रायलात नाचगाणी, प्लास्टिकचे हातोडे, दुसऱ्या दिवशी बागेत मांस भाजणं आणि बिअर. रडून झालं, आता हसा!" चार दिवस तेल अवीव बघून काढलेला निष्कर्ष. अहो, सकाळी अकराला भोंगा होतो तेव्हा हायवेवर गाड्या थांबवून माणसं दोन मिनिटं रस्त्यात उभी राहतात. ४ इय्यारला (हिब्रू महिना) आठवण, ५ इय्यारला स्वातंत्र्य, आणि आपला दिवस सूर्यास्तालाच बदलतो. जेरुसलेमच्या हर्झल टेकडीवर अर्ध्यावरचा झेंडा पूर्ण चढतो, बारा मशाली पेटतात. ज्यांच्या जिवावर तो चढला त्यांना आधी मुजरा, मग सण. यात खुपण्यासारखं काय आहे?

पोहेवाला
तो पर्यटक मीच. भोंग्याला मीही उभा होतो, उगाच टोमणे नकोत. मी त्या आईबद्दल विचारतोय जिचा पोरगा गेलाय. तिच्या खिडकीखाली त्याच रात्री फटाके?

लोदची मावशी
याला उत्तर मी देते. आमच्या वरच्या मजल्यावर अशीच एक आई राहते. दिवसभर तिच्याकडे माणसांची रीघ, कबरस्तानातून येतानाही सोबत दहा जण. अंधार पडला की सगळे आपापल्या घरी, शेगडीचे कोळसे आणायला. ती खिडक्या लावून घेते. मी एकदा पुरणपोळी घेऊन गेले तर म्हणाली, "आज नको, उद्या ये, उद्या कुणी येत नाही." दोन दिवसांत आठवड्याचं अंतर ठेवलं तर देश बुडणार आहे का?

रेवदंडेकर, अश्दोद
मावशी, तुमचं दुःख खरं. पण अंतर ठेवलंत तर तो दिवस नुसता सुट्टीचा होईल, आठवण कोण काढेल? आपल्या घरातही असंच होतं. बिरड्याचा रोजा आठवा. दिवसभर जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक आणि रोजा सोडायला वालाचं बिरडं. आजीला तिथे कुणी विचारलं नाही की इतक्या लवकर जेवण गोड कसं लागतं.

लोदची मावशी
रोजा सोडणं म्हणजे मिरवणूक नव्हे, दादा.

ठाणेकर
बिअरचा विषय निघालाच आहे तर बोलतो. आपल्याला सण साजरा करताच येत नाही! जग किद्दुशला (शब्बाथ-सणाला पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला) वाईन घेतं आणि आपण मनुकांचं पाणी. मुंबईत दारूबंदी आली म्हणून ही सवय लागली, आता तरी सोडा.

अलिबागचा मनुका
काहीही! दारूबंदीचा कायदा १९४९ चा. आपलं शरबत त्याच्या कितीतरी आधीचं. कोकणात द्राक्षं कुठली, वाईन कुठली? वाण्याकडे काळे मनुके मिळत, तेवढंच. आणि हे "पाणी" नाही. शुल्हान आरूखमध्ये (ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात) मनुकांच्या रसावर किद्दुश चालतो. अट एवढीच की पिळल्यावर मनुक्यातून रस निघाला पाहिजे, नुसती चव उतरून भागत नाही. माझी आजी रात्री भिजवायची, सकाळी परातीत हाताने कुस्करायची, बी आणि साल मलमलीत राहायची. बोटं संध्याकाळपर्यंत जांभळी.

ठाणेकर
आमच्याकडे उकळायचे.

अलिबागचा मनुका
मग तो काढा.

ठाणेकर
तुझी आजी म्हणजे रब्बी (धर्मगुरू) का? मी इथल्या सिनेगॉगमध्ये पहिल्या वर्षी बाटलीतून शरबत नेलं, तर एकाने वास घेऊन विचारलं, "खोकल्याचं औषध?" सगळे हसले. त्या दिवसापासून दुकानातली वाईन. तुमचं शास्त्र तुमच्यापाशी.

रेवदंडेकर, अश्दोद
हसणारच. १९६२ ला आपल्या लग्नांसाठी आजीपणजीची वंशावळ तपासायला सांगणारे रब्बीही इथलेच होते. माझे वडील धरण्याला बसले, १९६४ ला रब्बींना मागे यावं लागलं. ते शरबताला हसले म्हणून आपण शरबत टाकायचं?

पोहेवाला
माझा प्रश्न कुठे गेला?

लोदची मावशी
पेल्यातच आहे, बाळा. शुक्रवारी किद्दुश नीट ऐका. सृष्टीची आठवण म्हणताना "झिकारोन", मिसरमधून (इजिप्तमधून) सुटल्याची आठवण म्हणताना "झेखेर". दोन्ही शब्द आठवणीचेच, आणि त्यानंतर घोट. पेसाहला (त्या सुटकेच्या सणाला) मिसरवरच्या दहा संकटांच्या नावाने दहा थेंब बाहेर टाकतो, शत्रू मेला तरी पेला काठोकाठ नाही. म्हणजे आठवण आणि सण एका पेल्यात बसतात, हे मला मान्य. रेवदंडेकरांनी लगेच फुशारून जाऊ नये. पेला घरात माणसांसोबत घेतात. वरच्या मजल्यावर ती एकटी असते.

रेवदंडेकर, अश्दोद
बरं. तेवढं तुमचं खरं. तारीख मात्र मी बदलू देणार नाही.

लोदची मावशी
तारीख राहू दे तुझ्याकडे. यंदा शेगडी पेटवण्याआधी तिच्या दारात जा म्हणजे झालं. शरबत मी देते. न उकळलेलं.

ठाणेकर
मावशी, तुम्हीपण?