मोबाईलवर घेतलेले कोपरे आणि सातबारा, क्षेत्र जुळत नाही

बार्शीकर:
राम राम मंडळी. ठिबकचा अंदाज काढायचा होता म्हणून रानाच्या चारी कोपऱ्यांवर उभं राहून मोबाईलवर अक्षांश-रेखांश घेतले, एका अंशाला १११ किमी धरून एक्सेलमध्ये मीटर केले आणि क्षेत्र काढलं तर ८४ आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, जवळपास एक गुंठा) येतंय, सातबाऱ्यावर ८० आहे. शेजारी म्हणतो बांध कोरलास 😀 चार आर आले कुठून?

नकाशेवाला:
१११ रेखांशाला चालत नाही भाऊ. रेखांशाच्या रेषा उत्तरेकडं जवळ जवळ येत जातात, बार्शी १८.२ च्या आसपास आहे, तिथं रेखांशाचा अंश १०५.८ किमीच भरतो, अक्षांशाचा ११०.७. दोन्ही मिळून क्षेत्र पाच टक्के फुगलं, म्हणजे तुझे चार आर. १११.३२ ला (विषुववृत्तावरचा रेखांशाचा अंश, किमीमध्ये) १८.२ अंशाच्या कॉसनं (COS) गुण, पण एक्सेलला कोन रेडियनमध्ये (अंश गुणिले पाय भागिले १८०) लागतो, नाहीतर भलताच आकडा येईल.

बांधावरून:
हिशोब बरोबर आहे पण ८० जुळलं म्हणून हुरळू नका. मोबाईलचं जीपीएस उघड्यावर सुद्धा तीन-चार मीटर इकडंतिकडं दाखवतं, झाडाखाली तर विचारूच नका. ९० मीटरचा बांध तीन मीटर सरकला की २७० चौरस मीटर, पावणेतीन गुंठ्यांच्या आसपास फरक! सातबाऱ्यावरचे ८० पोटखराब्यासकट (लागवडीला न येणारी जमीन धरून) आहेत का तेही बघा. ठिबकच्या नळ्यांना हे चालून जातं, शेजाऱ्याशी भांडायला नाही. हद्दीसाठी भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज टाका, रोव्हरनं (मोजणीचं अचूक जीपीएस यंत्र) मोजलं तर चूक सेंटिमीटरमध्ये असते.

बार्शीकर:
अर्ज टाकतो मग. अजून एक, ओढ्याकडची बाजू वाकडी आहे, चार कोपऱ्यांत भागेल का?

नकाशेवाला:
नाही भागणार, जिथं बांध वळतो तिथं तिथं पॉइंट घे आणि सलग एकाच दिशेनं चालत घे. एक्सेलमध्ये क्रम उलटसुलट झाला तर रेघा एकमेकींना कापतात आणि क्षेत्र गुपचूप कमी येतं, एरर बिरर काही दाखवत नाही. दशांशानंतर सहा आकडे ठेव, पाचवा आकडा एकनं बदलला तरी जमिनीवर मीटरभर फरक पडतो.