लिहिती मुलं: तुमच्याकडे काय घडलं?

पहिलीतली माझी लेक भिंतीवर, पेपरच्या कडेला, स्वतःच्या हातावरसुद्धा काहीबाही काढत असते. दुरेघी वही समोर आली की मात्र तहान लागते, शू लागते, पोट दुखतं. शाळेतून रोज एक पान 'शुद्धलेखन' येतं, म्हणजे धडा बघून उतरवायचा. त्याला मी लिहिणं म्हणत नाही, पण पान तर भरावंच लागतं. तुमच्याकडे मुलं आपणहून कधी लिहायला लागली? उपदेश नको, घडलेलं सांगा. आई-बाबा, आजी-आजोबा, शिक्षक, सगळ्यांनीच.

दोन मुलांचा बाबा, ठाणे

दोघांच्या भांडणांनी कान किटले तेव्हा बुटांच्या खोक्याला चीर पाडून तक्रारपेटी केली. नियम एकच: तोंडी तक्रार ऐकली जाणार नाही, लेखी तक्रारीला लेखी उत्तर मिळेल. धाकटा तेव्हा सीनियर केजीत. पहिली चिठ्ठी आली, 'दादा मला मार तो'. पाठोपाठ माझ्याविरुद्ध: 'बाबा जेवताना मोबाइल बगतो'. लाल पेन काढलं नाही. उत्तर लिहिलं, 'हो, बाबा जेवताना मोबाइल बघतो. आजपासून बघणार नाही.' पुढच्या तक्रारीत (विषय तोच) 'बघतो' बरोबर आलं होतं. 'मोबाइल' अजूनही दर खेपेला नव्या अवतारात येतो.

हल्ली तक्रारी कमी आणि अर्ज जास्त. 'पनीर रोज हवे' हा अर्ज आईनं नामंजूर केला, तर दुसऱ्या दिवशी तोच अर्ज कारणं जोडून परत आला. थोरल्याला शाळेच्या निबंधात चार ओळी सुचत नाहीत, पेटीत मात्र पाठपोट कागद पडतो. बायकोचं म्हणणं, आम्ही घरात दोन वकील तयार करतोय.

निवृत्त मास्तर, मिरज

तक्रारपेटी झकास! पण अक्षराचं काय? मी नातवाला अजून पाटी देतो. दसऱ्याला एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून पूजा झाली की त्याच पाटीवर गिरवणं सुरू. वहीतली चूक खोडली तरी डाग राहतो, पाटीवरची ओल्या फडक्यानं जाते, म्हणून पोर बिनधास्त लिहितं. आणि गिरवण्याचा मुलांना कंटाळा येतो म्हणता, तर गाण्याच्या क्लासात सा लावायचा कंटाळा कोण ऐकून घेतं?

जिल्हा परिषद शिक्षिका, डहाणू तालुका

माझ्या वर्गात बहुतेक मुलं वारली. घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली इथून जवळच बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच पाड्यावर, अंगणात न्यायची, ही त्यांची रीत. मी ती लिहिण्याला लावते. मूल पुस्तकातल्या वाक्याकडे येत नाही ना, मग वाक्य त्याच्या चित्राकडे न्यायचं.

मूल चित्र काढतं, मी विचारते काय चाललंय इथे? ते जे सांगेल ते मी त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहिते. 'कोंबडीनं चुलीमागं अंडी घातली.' ते वाक्य मूल बोट ठेवून वाचतं, कारण काय लिहिलंय ते त्याला आधीच ठाऊक असतं. मग त्यातला एखादा शब्द स्वतः लिहितं, बहुतेकदा 'कोंबडी'च. काही आठवड्यांनी मला म्हणतात, बाई, तुम्ही नका लिहू. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, भिंतीवर हे अशुद्ध काय लावलंय? म्हटलं, साहेब, एवढं वाचून तरी बघा. ते वाचत बराच वेळ उभे राहिले, शेरा मात्र द्यायचा तो दिलाच.

पहिलीची ताई, सातारा जिल्हा

मास्तर, पाटीला माझंही मत. गिरवायचं काय, यावर मात्र भांडेन. अ, आ, इ, ई या क्रमानं गेलं तर कितीतरी दिवस मुलाला स्वतःचं एक वाक्य लिहिता येत नाही. मी आधी क, ब, म, र, ल आणि काना एवढंच घेते. यात काका, मामा, बाबा, कमल, काल, बरा एवढे शब्द लगेच होतात. एका मुलीनं एवढ्याच भांडवलावर घरी चिठ्ठी ठेवली: 'बाबा काम करा'. चिठ्ठी घेऊन बाबा शाळेत आले. रागावले नव्हते, पण फार हसलेही नव्हते.

रविवारच्या मराठी शाळेतली मावशी, न्यू जर्सी

आमची मुलं मराठी बोलतात, लिहायची वेळ आली की रोमन. कोल्हापूरच्या आजीला फोनवर मेसेज करताना लेकाच्या लक्षात आलं की मराठी कीबोर्डवर रोमन टंकलं तरी समोर 'आजी' उमटतं. त्यावर शाळेत तावातावानं वाद झाले की हे काही लिहिणं नव्हे. मला पटत नाही. आजी कागदावर हातानं लिहून फोटो पाठवते, म्हणून तोही हातानं लिहून फोटो पाठवू लागला. एकमेकांना कोडी घालतात. 'ळ' त्याला भारी आवडतो, गरज नसेल तिथेही घालतो.

बालवाडी चालवणारी, पुणे

चार-साडेचार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन रेघांमध्ये लिहायला लावू नका एवढंच सांगते. बोटं तयार व्हायची असतात. मटार सोलणं, कणकेचे साप, रांगोळीचे ठिपके, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणं, हे सगळं लिहिण्याचंच काम. माँटेसरीबाईंच्या रोममधल्या पहिल्या बालगृहात (१९०७) मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटं फिरवायची आणि बरीचशी वाचण्याआधीच लिहू लागली. अक्षरं उलटी काढणं सहा-सात वर्षांपर्यंत नेहमीचंच आहे. त्यानंतरही तसंच राहिलं आणि वाचतानाही अडखळलं, तर जाणकाराला दाखवा.

ठाण्याचा बाबा

ताई, धाकटा डावखुरा आहे. लिहिताना हात अक्षरांवरून फिरतो आणि सगळं फिसकटतं. काही उपाय?

बालवाडी चालवणारी, पुणे

हात बदलायला लावू नका. वही उजवीकडे कलती ठेवा, पेन्सिल टोकापासून जरा वर धरू द्या, म्हणजे लिहिलेलं त्याला दिसेल. आणि शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर सुटी नको, शब्द पुरा झाला की एकदम.