मदत हवी आहे: ॲरिझोनात घरच्या पाँडमध्ये गांबुसियाऐवजी इथले मूळचे मासे कोणी ठेवलेत का?

नमस्कार मंडळी, आम्ही फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. घर घेतलं तेव्हा बॅकयार्डमध्ये आधीच्या मालकांनी बांधलेला सिमेंटचा पाँड मिळाला, कमरेइतका खोल आणि बऱ्यापैकी लांब. त्यांचे कोई मासे ते घेऊन गेले, त्यामुळे सध्या त्यात कमळाच्या कुंड्या आणि डासांच्या अळ्या. डासांच्या अळ्या खाणारे गांबुसिया मासे इथली काउंटी फुकट देते, शेजाऱ्यांनीही तेच सुचवलं, आणि सासऱ्यांनी तर फोनवर ऐकल्या ऐकल्या "गप्पी सोडून द्या की" म्हटलं, कारण गावाला हिवतापवाले विहिरीत तेच सोडायचे.

पण मला गांबुसिया नकोयत. ॲरिझोनात गिला नदीच्या खोऱ्यात गिला टॉपमिनो नावाचा मासा आहे, जेमतेम दोन इंची, अंडी न घालता थेट पिल्लं देणारा. एकेकाळी इथल्या सखल भागातल्या ओढ्या-झऱ्यांत हा अगदी कॉमन होता. मग 1920च्या दशकात डासांसाठी म्हणून बाहेरून गांबुसिया आणले, ते टॉपमिनोची पिल्लं खातात आणि मोठ्यांच्या शेपट्या कुरतडतात, त्यात धरणं झाली, जमिनीतलं पाणी उपसलं गेलं, झरे आटले, आणि 1967 साली हा मासा एन्डेंजर्ड यादीत गेला. मला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे टॉपमिनोसुद्धा डासांच्या अळ्या खातो हो! म्हणजे जे काम इथला मासा करतच होता त्यासाठी बाहेरचा आणून याला हाकललं. आपल्याकडेही 1928 पासून गांबुसिया सोडतायत, तिथल्या छोट्या देशी माशांचं काय झालं असेल याचाही विचार मनात येतो.

इथल्या सुपीरियर गावाजवळच्या बॉइस थॉम्पसन आर्बोरेटम या वनस्पती उद्यानात आयर लेक नावाचं छोटं तळं आहे, तिथे टॉपमिनो आणि डेझर्ट पपफिश हा इथलाच दुसरा छोटा मासा, दोन्ही ठेवलेत. काठाशी उकिडवं बसून बघत राहिलं की दिसतात. विणीच्या काळातला टॉपमिनोचा नर काजळासारखा काळा होतो, मादी मात्र फिकट आणि त्याच्यापेक्षा चांगली मोठी, आणि तो आपला तिच्यामागे सारखा पळत असतो. पपफिशचा नर निळा, शेपटीकडे पिवळा, आणि आपल्या हातभर जागेत दुसऱ्या नराला फिरकू देत नाही. हा पपफिश चाळीस डिग्रीच्या वर तापलेल्या आणि समुद्राहून खारट पाण्यातही तगतो, इतका चिवट, पण बाहेरून सोडलेल्या माशांपुढे टिकत नाही. मंकी स्प्रिंग नावाच्या झऱ्यात याचाच एक भाऊबंद होता, तिथे लार्जमाउथ बास शिरले आणि तो कायमचा संपला.

आता कोणी म्हणेल एका घरच्या पाँडने काय होणार. 1969 साली कॅलिफोर्नियात फिश स्लू या पाणथळ जागेतलं पाणी आटत होतं तेव्हा ओवेन्स पपफिशची तिथे उरलेली सगळी जमात तिथले सरकारी मत्स्यशास्त्रज्ञ फिल पिस्टर यांनी दोन बादल्यांतून उचलून नेली, म्हणून तो मासा आज आहे. आणि टॉपमिनोचंच बघा, नोगालेसजवळ सांताक्रूझ नदीत सांडपाणी शुद्धीकरण सुधारल्यावर 2015 मध्ये हे मासे पुन्हा सापडले, 2020 मध्ये टूसॉन शहराच्या मधोमध नदीत सोडलेही. त्यामुळे छोट्या जागेलाही अर्थ आहे असं मला मनापासून वाटतं.

माझ्या माहितीप्रमाणे ॲरिझोना गेम अँड फिश या राज्याच्या वन्यजीव खात्याचं सेफ हार्बर ॲग्रीमेंट असतं, त्यात खाजगी जागेतल्या पाँडसाठी हे मासे मिळू शकतात आणि उद्या आपल्याला ठेवणं जमलं नाही तर कायद्याचा ससेमिरा मागे लागत नाही. हे कोणी प्रत्यक्ष केलंय का? पाँड बघायला माणूस येतो का, आणि घर विकताना पुढच्या मालकाला काय सांगायचं?

दुसरं, जुलैत बाहेर 45-46 डिग्री होतं तेव्हा कमरेइतकं पाणी पुरेल का शेड नेट लावू? नळाचं पाणी जड आहे, क्लोरीनही असतं, आणि उन्हाळ्यात रोज एवढं उडतं की सारखी भर घालावी लागते, तर क्षार वाढत जातात त्याचं काय करता? टॉपमिनो आणि पपफिश एकत्र ठेवावेत का आधी एकच? पंपात पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून तोंडाला स्पंज लावलाय, तेवढं चालेल ना? आणि बगळे येतात, त्यांच्यासाठी जाळी की नुसती दाट पाणवनस्पती?

नंतरची भर: दोघातिघांनी विचारलंय म्हणून लिहिते. हे मासे दुकानात मिळत नाहीत आणि ओढ्यातून जाळीने धरून आणणं हा गुन्हा आहे, तेव्हा तो सल्ला कृपया देऊ नका. गांबुसिया तात्पुरते सोडून नंतर काढा असंही एकाने म्हटलंय, पण एकदा शिरले की पाँड पूर्ण कोरडा केल्याशिवाय ते जात नाहीत, म्हणून तोवर मी अळ्यांसाठी बीटीआयच्या (डासांच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूच्या) वड्या टाकतेय. फिनिक्स किंवा टूसॉनमध्ये कोणाकडे हे मासे असतील तर मला व्यक्तिगत निरोप करा, शनिवार-रविवारी पाँड बघायला येईन.